पायाळूच्या डोळ्यातलं काजळ

माझ्या लेकीनं जन्मतानाच घाई केली. सिझेरियनची तयारी होईपर्यंत तिनं पाय बाहेर काढले होते. झालं, सासरी पोर पायाळू ठरली. गावी गेलो की उसण भरलेली माणसं तिच्यापुढं पाठ करून बसायची, कारण पायाळूची लाथ बसली की उसण पळते म्हणे. पोर खिदळत लाथा घालायची आणि मलाही हसू यायचं. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, असंही लोक म्हणतात, पण ते मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

दिवाळीनंतर आम्ही अंबडजवळच्या एका टेकडीवर गेलो. नवरा, मी, सात वर्षांची लेक आणि माझे मोठे दीर. टेकडीचं दीरांनीच सुचवलं होतं. चढण सोपी, जुन्या दगडी पायऱ्या, दोन्हीकडं सीताफळीची झुडपं. वर पडकं देऊळ, पुढं दीपमाळ आणि मागं वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा शिपायाचा कोरीव दगड. दीर म्हणाले, "मी पोरीला वीरगळ दाखवतो, तुम्ही या सावकाश." नवरा दीपमाळेचे फोटो काढत राहिला. मी पायरीवर बसून सलवारीतली कुसळं उपटत होते.

तेवढ्यात लेक किंचाळली. पडल्यावर रडते तसं ते नव्हतं. मी चपला तिथंच टाकून धावले.

देवळामागं वीरगळ उपटून आडवा पाडला होता. त्याच्या जागी ताजा खड्डा, कडेला पहार. दीरांनी पोरीचे दोन्ही हात मागून आवळले होते आणि एक अनोळखी माणूस तिची पापणी ताणून डोळ्यात काजळ घालत होता. एक डोळा भरून झाला होता, दुसऱ्याकडं बोट चाललं होतं. वास बिब्ब्याचा होता. बिब्बा उतला की कातडीवर फोड येतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथं तर डोळा होता.

"उलिसं अंजन हाय, काही होत न्हाई," दीर मला समजावू लागले. "खाली काय हाय ते एकदा बघू द्या तिला. समद्यांचंच भलं होईल."

राग तसाही माझ्या नाकावरच असतो. मी दगड उचलला आणि त्यांच्या डोक्यात घातला. ते खाली बसले तेव्हा आणखी एकदा घातला. रक्त कानामागून सदऱ्यात उतरलं. तो दुसरा पहारीकडं वाकला, तर मी त्याच्या मनगटाला चावले आणि तोंडात खारट चव येईपर्यंत सोडलं नाही. शिव्या देत तो उतारावरून पळाला. मला भीती वाटली नाही. आणखी मारावंसं वाटत होतं, आजही वाटतं.

नवरा धापा टाकत आला. "अगं, काय करून राह्यलीस? दादा हाय तो." त्यानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि खिशातला रुमाल काढून बांधला. मी लेकीला जमिनीवर आडवं केलं आणि पिण्याचं सगळं पाणी तिच्या डोळ्यावर ओतलं. ती हातपाय झाडत होती. मीही तिला त्यांच्याइतकंच घट्ट दाबून धरलं होतं, दुसरा इलाज नव्हता.

जालन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणीवरचा फोड साफ केला, पट्टी बांधली आणि डोळा वाचल्याचं सांगितलं. मग विचारलं, "हे झालं कसं?"

"खेळताना सीताफळाच्या बीचा चुरा गेला," नवरा लगेच म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत खुर्चीतून लेक बोलली. "नाही. मोठ्या बाबांनी माझे हात धरले होते. मग पप्पांनी मोठ्या बाबांना रुमाल बांधला. मला दुसऱ्या डोळ्यानं दिसत होतं."