फाट्यावरची छत्री

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरात पडद्यांची मापं घेत होते. "बाबा गयात, ताई," एवढंच सुमन म्हणाली. तात्यांची ही थोरली लेक माझ्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलते. त्या दिवशी तिला ते जमलं नाही. माझ्या हातातली टेप सुटली आणि सर्रकन आपल्या डबीत जाऊन बसली. आता दीड महिना होत आला. पडदे अजून शिवलेले नाहीत. लिहायला घेतलंय ते हे, जे तात्या असताना त्यांच्या तोंडावर बोलायला हवं होतं.

नारायण तात्या पाटील, राहणार धानोरा, आमच्या रस्तेबांधणीच्या कार्यालयात आरेखक होते. म्हणजे रस्ता, त्याखालची पाण्याची मोरी, बसथांबा यांचे नकाशे हातानं काढणारा माणूस. मी नंदुरबारला अभियंता म्हणून हजर झाले तेव्हा कार्यालयात संगणक आले होते, पण जागेवरचा पहिला नकाशा तात्याच काढत आणि मग तो संगणकावर चढत असे. नकाशात झाडं दाखवायला सगळे जण साच्यातल्या गोल भोकातून पेन्सिल फिरवतात. तात्यांचा साचा कधीतरी मोडला होता आणि नवा त्यांनी मागितलाच नाही. त्यांच्या टेबलावर बटणांची एक डबी असायची. जुन्या कडुनिंबाला कोटाचं बटण, मध्यम झाडाला शर्टाचं, रोपाला लहान मुलाच्या झबल्याचं. बटण कागदावर ठेवायचं, भोवती पेन्सिल फिरवायची, झालं झाड. मी नवी, शिकलेली, जरा तोऱ्यातच होते. शिंप्याचं दुकान मांडलंय का, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते हसले आणि डबी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, एखादं मोठं असेल तर टाका.

जागेची पाहणी सगळे सकाळी करतात, ऊन चढायच्या आत. तात्या दुपारी तीनला निघायचे, तेही वैशाखात. काखेत काळी छत्री, पण ती उघडायची नाही. छत्री उघडली की ऊन कुठं लागतं ते कळत नाही, हे त्यांचं शास्त्र. पिशवीत फक्की असायची, खेळाच्या मैदानावर रेषा मारतात ती पांढरी पूड. गाडीची वाट बघत लोक जिथं उभे असतील तिथं त्यांच्या पायांशी ते चिमूटभर फक्की टाकायचे. बाया ओरडायच्या, लुगडं खराब करी ऱ्हायना म्हणून. नकाशावर मग झाडाच्या गोलाशेजारी तिरक्या रेघांनी दुपारची सावली यायची आणि त्या सावलीत माणसांचे ठिपके. बसथांबा कुठं बांधायचा ते ठिपकेच सांगत. मला हे सगळं फावल्या वेळचं वाटायचं. एकदा उन्हानं डोकं उठलेलं असताना मी चिडून म्हटलं, झाडं कुठं आहेत ते दिसतंय की, एवढं उभं कशाला राहायचं? तेव्हा ते म्हणाले, "ताई, झाड जठे ऱ्हास तठे माणूस उभा नही ऱ्हास. सावली जठे पडस तठे ऱ्हास."

नऊ वर्षांपूर्वी धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका फाट्यावर रस्ता रुंद करून नवा बसथांबा बांधायचं काम आलं. फाट्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी माझं नाव अजून काढलेलं नाही, हाच त्यांचा मोठेपणा. रस्त्याच्या पूर्वेला ओळीनं अकरा कडुनिंब होते. तात्यांनी अकरा वेळा कोटाचं बटण फिरवलं. मार्चअखेर जवळ आली होती. झाडं नकाशात दिसली की तोडायची परवानगी घ्या, नाहीतर रस्त्याची रेषा बदला, दोन्हीत महिने गेले असते आणि निधी परत गेला असता. वरून रोज फोन. मी तात्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, नवा कागद घ्या, बटणं काढून टाका. त्यांनी विचारलं, "बठ्ठाच?" मी म्हटलं, सगळीच. आणि मग मी त्यांना शब्द दिला. झाडं फक्त कागदावरून जातील, जमिनीवरून नाही. आखणीच्या दिवशी मी स्वतः तिथं उभी राहीन आणि रेषा हातभर पश्चिमेला सरकवून घेईन. कामात असं करतातही, अगदीच खोटं बोलले नव्हते. तात्यांनी कोरा कागद पसरला. संध्याकाळपर्यंत नकाशा तयार, खाली आरेखकाच्या चौकटीत त्यांची वळणदार सही. त्यांनी ती केली कारण मी सांगितलं होतं.

आखणी दोनदा पुढे ढकलली गेली. तिसरी तारीख आली त्या दिवशी मी नाशिकला होते. आजारपण नव्हतं, घरात कुणाचं काही नव्हतं. आम्ही दोघं नवराबायको फ्लॅट बघायला गेलो होतो. बिल्डरच्या रंगीत कागदावर इमारतीभोवती घनदाट झाडी काढलेली होती, जागेवर एकही झाड नव्हतं, आणि त्याच्यावर आम्ही गाडीत हसलो देखील. परत आले तेव्हा फाट्यावर अकरा बुंधे उरले होते. कंत्राटदाराचा माणूस भला होता, गोंधळला होता बिचारा. मॅडम, नकाशात झाडंच नव्हती, म्हणाला. त्यानं सांगितलं की तुमचे ते तात्या सकाळपासून इथं होते, करवतीसमोर हात जोडून उभे होते; पण साहेबांचा कागद दाखवा म्हटलं तर त्यांच्याकडे कागद नव्हता... कागद होता तो त्यांच्याच सहीचा, कंत्राटदाराच्या माणसाच्या हातात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी गेले. त्यांनी चहा मागवला, चौकशी केली, फ्लॅट कसा आहे म्हणून. निघताना मात्र माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, त्या नकाशावर मन्ही सही शे." चुकले, एवढी तीन अक्षरं म्हणायला काय लागतं, पण माझ्या तोंडून निघालं ते असं की नवीन झाडं लावू आपण तात्या, पावसाळ्यात. माझी त्या पावसाळ्याआधीच बदली झाली. पुढं दिवाळीला फोन व्हायचे. ते केळीचं, कापसाचं सांगायचे, मी मुलीचं सांगायचे. फाटा आमच्या बोलण्यात कधी आला नाही. मला तेव्हा ते विसरले असं वाटायचं. वाटून घ्यायला बरं होतं.

दहाव्याला धानोऱ्याला गेले. ओट्यावर त्यांचं घरचं टेबल होतं, त्यावर तीच बटणांची डबी. खुंटीवर छत्री दिसली नाही म्हणून मी सहज विचारलं, तेव्हा सुमननं सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. नवा बसथांबा पश्चिमेला तोंड करून बांधलेला, वर पत्रा. दुपारी आत भट्टी. म्हणून लोक थांब्याच्या मागं, भिंतीच्या सावलीत उभे राहतात. मागं उभे राहिले की चालकाला दिसत नाहीत आणि गाडी न थांबता निघून जाते. निवृत्त झाल्यापासून तात्या दर बाजाराच्या दिवशी तिथं जात. सगळ्यांना मागं सावलीत बसवून स्वतः पुढं रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहत, काळी छत्री उघडून, म्हणजे चालकाला लांबून दिसावी. गाडी थांबली की मागच्यांना हाक मारत आणि आपण पुढच्या गाडीसाठी पुन्हा उभे. घरच्यांनी रागावून बघितलं, त्यांनी ऐकलं नाही. मी सुमनला विचारलं, उन्हानं तर काही झालं नाही ना? ती म्हणाली, नाही ताई, हृदय आधीपासूनच कमजोर होतं. थोड्या वेळानं मी पुन्हा तेच विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं आणि माझा हात धरून ठेवला.

परतताना मी फाट्यावर उतरले. तीन वाजून गेले होते, बाजाराचा दिवस होता. थांबा रिकामा, आणि त्याच्या मागं भिंतीला लागून पंधरा-वीस माणसं, टोपल्या, पिशव्या. एका म्हातारीनं सरकून मला जागा केली. पुढं रस्त्याच्या कडेला एक तरुण छत्री धरून उभा होता. कोण तो, म्हणून विचारलं तर म्हातारी म्हणाली, "तात्यानी छत्री शे ती. आते आम्ही पाळीपाळीनं लेतस." तात्यांना ओळखता का, असं तिनं मला विचारलं. ओळखते म्हटलं.

तरुणाची गाडी आली, चढण्याआधी त्यानं छत्री थांब्याच्या लोखंडी खांबाला अडकवली. कुणीतरी उठायच्या आत मी ती घेतली. दांडा तापलेला होता. छत्री उघडून कडेला जाऊन उभी राहिले; डाव्या हाताला मोरी होती, तिच्यावरून जागा ओळखली. पहिला कडुनिंब इथंच होता. आखणीच्या दिवशी मी इथंच उभी राहणार होते. रडू आलं, ते येऊ दिलं, तोंड रस्त्याकडे होतं म्हणून मागच्यांना दिसलं नाही. थोड्या वेळानं नंदुरबारची गाडी लांबूनच हळू झाली. मी मागं वळून हाक मारली, म्हातारी आणि बाकीच्या बाया टोपल्या उचलून आल्या, चढल्या. येता का, म्हणून वाहकानं मला विचारलं. मी म्हटलं, मागं अजून माणसं आहेत, शहाद्याच्या गाडीची.