लाल दिव्याची वायर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, आईपुढंही नाही — ती तर न कळताच गेली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. बघा, सुरुवातच पळपुटी झाली.

माझा दादा एसटीत ड्रायव्हर होता. चंदगडच्या घाटवळणांत, धो धो पावसात गाडी चालवली त्यानं, पण कधी साधा ओरखडा नाही. त्याला वेड एकच — स्वतःची जीप. भंगारातून एक जुनी उचलून आणली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी तिच्यात डोकं घालून बसायचा. इंजिन त्यानं केलं, ब्रेक त्यानं केले. डॅशबोर्ड मात्र माझ्याकडं दिला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान चालवणारी. "तुझ्यासारखं वायरिंग कुणाला जमतंय गं?" म्हणाला.

आणि मी तो देखणा केला. सागवानी फळी, तिच्यात पितळी कडांचे गोल मीटर, खाली ओळीनं बटणं. कोपऱ्यात एक लाल दिवा — ब्रेक ऑइल कमी झालं की तो लागणार. ती कल्पना माझीच. किती मिरवले मी त्या दिव्यावरून! आता कुठं फर्निचरच्या दुकानात पॉलिशचा वास आला तरी मी बाहेर पडते.

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं गावात. दादानं जीप नेली, मी नवी साडी नेसून बरोबर. लोक जमायला लागले, मोबाईल काढायला लागले — आणि तो दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

काय करायला हवं होतं? बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघायची. एवढंच. पण साडी होती अंगावर. लोक बघत होते. कुणीतरी हसत म्हणालं, "लाइट बिघडलीया वाटतं." ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. माझं काम बिघडलेलं? दादा कुणाशी तरी बोलत उभा होता. मी फळीखाली हात घातला आणि त्या दिव्याची वायर उपसली.

मग सगळं छान दिसलं. फोटो निघाले, टाळ्या मिळाल्या.

नंतर विसरले, असं म्हणता आलं असतं. किती सोपं झालं असतं! पण विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि वहिनी जीपनं तिच्या माहेरी चंदगडकडं निघाले, तेव्हा मी दारात उभी होते. वायर डोक्यात होती. जिभेवरही आली होती. पण सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, लोकांपुढं मिरवायला काढलीस व्हय? म्हणून मी हात हलवला. परत आल्यावर लावू म्हटलं.

चंदगडच्या अलीकडं उतारावर ब्रेक लागेनात. दादानं जीप डोंगराच्या अंगाला घातली म्हणून दोघं वाचली. वहिनीचा गुडघा मात्र चेपला. अजून वाकत नाही.

इथवरच असतं तर कदाचित मी कधीतरी बोलले असते. कदाचित! कुणाला फसवतेय मी?

मोडकी जीप उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये आणून ठेवली होती. दुपारी मिस्त्री जेवायला गेला तेव्हा मी तिथं गेले. मीटर काढून घ्यायचे आहेत, असं सांगितलं होतं. सीटवर वहिनीच्या रक्ताचा डाग वाळला होता. त्याच सीटवर गुडघा टेकून मी फळीखाली हात घातला आणि वायर परत जोडली. पहिल्याच खेपेला बसली. ते आठवलं की या हाताची शिसारी येते — याच हातानं मी पोरांना भरवलं, आईच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं.

संध्याकाळी मिस्त्रीनं दादासमोर चावी फिरवली. दिवा लाल झाला.

"लाइट तर लागतीया की ओ! ड्रायव्हर माणूस तुम्ही, बघितली न्हाय व्हय?"

दादानं वाकून दिव्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली. मग म्हणाला, "लागली असंल. माझंच ध्यान नसंल." आणि माझ्याकडं वळून, मला धीर द्यायला — मला! — म्हणाला, "तुझ्या कामात खोट न्हवती गं."

मी पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांना वाटलं, भावासाठी रडतेय.

वहिनीच्या वडलांनी दादा पिऊन होता असं चारचौघांत म्हटलं. तो पीत नाही, हे त्यांना माहीत होतं. वहिनी तसं कधी म्हणाली नाही, पण नंतर कुठल्याही गाडीत ती त्याच्या शेजारी बसली नाही, मागं बसते. दादानं स्टिअरिंग सोडलं. अर्ज करून डेपोत आतलं काम मागून घेतलं. ज्याला समोरचा दिवा दिसत नाही, त्यानं लोकांना घेऊन घाटात जाऊ नये — असं तो स्वतःच्या तोंडानं सांगायचा. मी समोर असायचे. वाढत असायचे.

त्याची मुलगी आता गाडी शिकतेय. गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर तो तिला समजावत होता. "समोर लाल लाइट दिसली की थांबायचं. मी थांबलो न्हाय, आणि तुझ्या आईचा पाय गेला."

पोरगी माझ्याकडं वळली. तिला बापाचं खरं वाटत नव्हतं. "आत्या, तू लावलीवतीस न्हवं ती लाइट? खरंच लागलीवती? पप्पांना दिसली न्हाय?"

वहिनी माझ्याकडं बघत होती. दादा ताटाकडं बघत होता.

"लागली होती," मी म्हणाले.