पाड्यावर अशी कोणी राहत नाही

ते प्रकरण तसं किरकोळ. ना खून, ना दरोडा. साधा गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. तरी निवृत्तीनंतर कुणी नोकरीतल्या आठवणी विचारल्या की मला आधी तेच आठवतं, आणि वाईट वाटतं.

माझी नेमणूक शहापूर भागात होती. खोट्या पत्त्यांवर कर्ज उचलून पसार होणाऱ्या एका टोळीच्या आम्ही मागावर होतो. अशात एका गृहकर्ज कंपनीच्या मॅनेजरचा अर्ज पोलीस ठाण्यात आला. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मुलीने कर्जाच्या अर्जात डोळखांबच्या वरच्या अंगाच्या एका पाड्याचा पत्ता दिला होता. कंपनीचा माणूस तिथे जाऊन आला, तर अशी कोणी मुलगी इथे राहतच नाही, असं त्याला सांगण्यात आलं.

"पण मंजुरीचं पत्र तर तुम्हीच दिलंय," मी मॅनेजरला म्हणालो.

"ती तत्त्वतः मंजुरी, साहेब. पगार आणि जुन्या कर्जाची परतफेड बघून देतो. साखरपुडा म्हणा. आमचा माणूस घर बघून आल्याशिवाय लग्न नाही."

मुलीने मोबाइलचे हप्ते वेळच्या वेळी फेडले होते. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं, पण वाटला संशय. टोळीची माणसंही सुरुवातीला अशीच गुणी वागतात. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

महिला हवालदाराला शेजारी बसवून मी मुलीची चौकशी केली. आठवडाभर ती शहापुरात मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची, हे कळल्यावर माझा आवाज चढला.

"मग पाड्याचा पत्ता का दिलास?"

"माझं घर तिथंच आहे ना साहेब. आय तिथं आहे. तिला दमा आहे. पावसात गाडी वर येत नाय, झोळीत घालून खाली आणावी लागते. तिच्यासाठीच दवाखान्याजवळ एक खोली घेत होते. मालक महिनाअखेरपर्यंतच थांबतो बोललाय."

ती रडली नाही. रडणाऱ्यांपेक्षा अशांना ओळखणं कठीण जातं.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यात पाड्यावर गेलो. पत्त्यावरच्या घरात एक बाई नाचणी पाखडत होती. तिने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी मुलीचं नाव घेतलं.

"अशी कोनी नाय इथं, दादा. तुमी दुसरीकडं बघा."

बोलताना तिला धाप लागत होती. तिच्या मागे भिंतीवर पांढऱ्या कोटातल्या मुलीचा फोटो होता. चौकशीला बसवलेली तीच मुलगी! त्या बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

गावच्या पोलीस पाटलांनी मला उलगडा करून सांगितला. "तिच्या घरवाल्याला लाकूडचोरीच्या केसमध्ये उचलला होता, साहेब. त्या टायमाला असंच दोघं पोलीस कागद घेऊन, नाव इचारत आलते. हिनंच घर दाखवलं. तवापासून कागदवाला आला की मानूस हाय म्हनून सांगायचं नाय, असं सगळ्या पाड्यानंच ठरवलंय."

परत येऊन मी मुलीला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "आयला यातलं काय सांगू नका, साहेब."

म्हणून मी शेजाऱ्यांचे आणि पोलीस पाटलांचे जबाब घेतले, आईचा घेतला नाही. मॅनेजरने खोट्या पत्त्याचा आपला शेरा मागे घेतला, पण कागद वरच्या कचेरीत फिरेपर्यंत महिना उलटला. मधल्या काळात घाबरून मुलीने आणखी दोन-तीन ठिकाणी अर्ज केले होते. कर्जाच्या अशा प्रत्येक अर्जाची नोंद होते, आणि ती पुढच्या प्रत्येक कंपनीला दिसते. लागोपाठच्या नोंदी बघून तिथेही नकारच मिळाला. खोली दुसऱ्याने घेतली.

मला त्या बाईचा राग कधीच आला नाही. एकदा खरं बोलून तिने नवरा जवळजवळ गमावलाच होता. पाड्यावरच्या माणसांना खोटं बोलायला आमच्याच खाकीने शिकवलं, आणि त्याची किंमत एका सरळ मुलीने मोजली. खोटं बोलणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, कधी तो आपल्यालाच भ्यालेला असतो. हे मला फार उशिरा कळलं.

जबाबांसाठी गेलो त्या दिवशी मुलगी घरीच होती. मी आपल्या बाजूचा आहे, हे तिने आईला पटवलं होतं. बाई खुशीत होती.

"तुमाला मी फसवलं हां त्या दिशी, सायब! तुमच्या आदी बी एक पिशवीवाला आलता हिला इचारत. त्याला उंबऱ्यावरनंच परत धाडला. पोरीवर आच नाय येऊ दिली."

मी मुलीकडे पाहिलं. ती चुलीवर चहा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बरं केलंस, आय."