चाखणं म्हणजे खाणं नव्हे

मधुमेह होऊ नये म्हणून आमच्या भागातल्या माणसानं नेमकं कुठं राहायला जावं, हे मला अजून उमगलेलं नाही. कुंडलच्या या अंगाला आमचं घर. तिन्ही बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला द्राक्षबाग. दिवाळीला कारखाना सभासदांना साखर देतो, ती पोत्यानं घरात येऊन पडते. लेक दिली साताऱ्याला, म्हणजे कंदी पेढ्यांच्या गावात, आणि ती काही रिकाम्या हातानं माहेरी येत नाही. एवढ्यानं भागलं नाही म्हणून आमचं स्वतःचं गुऱ्हाळ.

अठरा वर्षं फौजेत काढून मी परत आलो तो थेट वडिलांच्या काहिलीपाशी उभा राहिलो. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची ती दोन-तीन माणसं निजतील एवढी कढई. रसात चुना किती घालायचा, काहील चुलाणावरून, म्हणजे भट्टीवरून, कधी उतरवायची, हे सगळं जो सांगतो तो गुळव्या. आधी वडील गुळव्या होते, नंतर मी झालो. गावात मला फौजी फारसं कुणी म्हणत नाही, गुळव्या म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाच जास्त अभिमान आहे.

काहिलीपाशी पायात चप्पल घालून जायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. दसऱ्यानंतर गुऱ्हाळ पेटलं आणि आठवड्याभरात एका संध्याकाळी मी दारात पाय धूत होतो, तेवढ्यात बायको ओरडली, "आवं, ह्ये काय पायाला!"

डाव्या तळव्याला रुपयाएवढा फोड आला होता. वरचं कातडं करपलेलं.

"कवा भाजलं?"

"मला काय म्हाईत?" मी म्हणालो.

फोडापेक्षा या उत्तरानंच ती जास्त घाबरली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तिनं मला सांगलीला नेलं. साखर आहे हे मला चार वर्षांपासून ठाऊक होतं. गोळी घेत होतो आणि बाकी सगळं विसरत होतो. डॉक्टर तरुण होते, पण आवाज असा की मला माझा जुना सुभेदार आठवला. त्यांनी मला आडवं केलं, हातात नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक काडी घेतली आणि म्हणाले, "डोळे मिटा. तळव्याला काही लागलं की सांगा." मी डोळे मिटले आणि ते कधी सुरू करतात याची वाट बघत पडून राहिलो. बराच वेळ झाला म्हणून डोळे उघडले, तर ते हात धूत होते.

"काका," ते म्हणाले, "तीन महिने देतो. गोळ्या चालू ठेवायच्या, गोड बंद, भाकरी-भात जवळजवळ बंद. तीन महिन्यांनी रक्त तपासू. साखर उतरली नाही, तर तुम्हाला त्या भट्टीजवळ उभं राहू देणार नाही. चटका कळत नाही असा पाय घेऊन विस्तवाजवळ काम करता येत नाही."

मी बायकोकडं बघितलं. ती माझ्या बाजूनं काही बोलेल असं वाटलं होतं. ती डॉक्टरांना म्हणाली, "व्हय, मीच उभं ऱ्हाऊ देणार न्हाई."

साताऱ्याची लेक दवाखान्यात नर्स आहे. तिनं साखर तपासायचं मशीन पाठवून दिलं आणि फोनवरून खाण्याचा असा बंदोबस्त लावला की फौजेचा लंगर परवडला. सकाळी अंडी. दुपारी मेथी, शेपू, पावटा, वाटीभर दही. संध्याकाळी कोंबडी नाहीतर पनीर. ऐकायला झकास वाटतं. पण तांबडा रस्सा समोर आला आणि तो कुस्करायला भाकरीच नाही, म्हणजे काय होतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच विचारा. पहिल्या दिवशी मी वाटी तोंडाला लावून रस्सा पिऊन टाकला आणि ताटाकडं बघत बसून राहिलो. हात आपोआप टोपलीकडं जायचा आणि बायको टोपली उचलून आत न्यायची.

मग तिनं फ्लॉवर किसून त्याचा भात केला. तो बघून मी म्हणालो, "ह्याला भात म्हणत्यात?" ती म्हणाली, "डोळं मिटून खावा." मी डोळे मिटून खाल्ला. डोळे मिटल्यावर तो जास्तच फ्लॉवर लागला. आम्ही दोघं इतकं हसलो की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. पुढं बायकोनं त्यात जिरं, लसूण आणि शेंगदाण्याचं कूट घालून काहीतरी जमवलं. आता तो पदार्थ मला खरोखर आवडतो, फक्त त्याला भात म्हणायचं नाही एवढी अट आहे.

दुपारचे चार वाजले की मात्र जीव कासावीस व्हायचा. जीभ सगळ्या तोंडभर काहीतरी शोधत फिरायची. मी खिशात बडीशेप आणि लवंग ठेवू लागलो. ताक पिऊ लागलो. दिवाळीत लेकीकडं साताऱ्याला गेलो, तेव्हा स्टँडबाहेर पेढ्यांच्या दुकानापाशी माझी चाल आपसूक मंद झाली. बायकोनं कोपर धरलं आणि पोलिसानं न्यावं तसं मला रिक्षात नेऊन बसवलं. लेकीनं माझ्यासाठी खोबऱ्याची बिनसाखरेची वडी केली होती. ती वडी चवीला खोबऱ्यासारखी होती, यापलीकडं मी काही बोलणार नाही.

एवढं सगळं करून साखर उतरेना. म्हणजे गंमत अशी की साताऱ्याला चार दिवस राहिलो तेव्हा ती उतरली, आणि घरी येऊन गुऱ्हाळावर गेलो की पुन्हा वर. लेकीनं फोनवर विचारलं, "आबा, खरं सांगा, काय खाता?"

"काय सुदिक न्हाई."

"मग मशीन खोटं बोलतंय का?"

बायकोनं माझ्या सदऱ्याचे खिसे तपासले. गाडीची डिकी तपासली. घरातलं साखरेचं पोतं सुतळीनं शिवून टाकलं. मी खवळलो. अठरा वर्षं देशाची राखण केलेल्या माणसाची अशी झडती? दोन दिवस मी घरात बोललो नाही. राग खरा होता, कारण मी खरंच काही खात नव्हतो. तिसऱ्या दिवशी ती सकाळीच जेवणाचा डबा घेऊन स्वतः गुऱ्हाळावर आली आणि उसाच्या मोळीवर बसून राहिली. मी म्हणालो, "डबा ठेव नि जा की." ती म्हणाली, "बसू द्या जरा. ऊन लय हाय."

दिवस मावळतीला आला तेव्हा तिनं मला हाक मारली. तिच्यासमोर जमिनीवर वाळक्या चिपाडाचे, म्हणजे रस काढलेल्या उसाचे, तुकडे ओळीनं मांडले होते.

"ह्ये काय?" मी विचारलं.

"तुमचं न खाल्लेलं," ती म्हणाली. "मोजा."

मी मोजले. चौदा होते. गुळव्याची रीत अशी, की काहिलीत रस पडला की एक घोट चाखायचा, काकवी झाली की पळीवरची चाखायची, आणि गूळ उतरला की त्याचा खडा चाखायचा. अशी आदणं, म्हणजे काहिलीभर रसाचे घाणे, दिवसाला चार-पाच. मी चौदा वेळा गोड खाल्लं होतं आणि एकदाही मला त्याचा पत्ता नव्हता. खोटं बोलत नव्हतो. वडिलांनी शिकवलं तसं काम करत होतो, आणि कामात जे तोंडात जातं त्याला आमच्या घराण्यात कुणी कधी खाणं म्हटलेलंच नाही.

"अगं, त्ये काम हाय. चाखणं म्हंजी खाणं न्हवं."

"व्हय? साखरेला कळतंय का कुठलं काम नि कुठलं खाणं?"

मी ते चौदाही तुकडे गोळा करून चुलाणात टाकले.

चूक सापडली याचा मला आनंद व्हायला हवा होता. वाटली भीती. न चाखता गूळ कसा करायचा? आमचा काही ऊस मळ्यातला, काही ओढ्याकडच्या खारवट तुकड्यातला. रस जिभेवर पडल्याशिवाय चुना किती घालायचा ते मला कळत नाही. चाखून थुंकावं म्हटलं, तर काहिलीपाशी थुंकायला माझं मन धजेना. तरी दुसऱ्या दिवशी मी तोंड मिटून आदण काढलं. उकळत्या पाकाची गोळी पाण्यात टाकून बघितली, फेसाचा रंग बघितला, सगळं नीट वाटलं. ढेप निघाली ती काळपट, आणि कामावरच्या बायांनी खडा तोंडात टाकून एकमेकींकडं बघितलं. मी चुलाणापासून लांब जाऊन बसलो. वाटलं, पाय वाचवावा तर गुळव्या जातो, आणि गुळव्या राखावा तर पाय जातो. त्या दिवशी मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

बायको शेजारी येऊन बसली. "मी चाखते की," ती म्हणाली.

मला हसू आलं. आमच्याकडं बायका चिपाडं वाळवतात, ढेपा कापडात बांधतात, काहिलीवर त्यांचं काम नसतं. पण दुसरा इलाज नव्हता. मी म्हणालो, "तू नुसतं खारट हाय का न्हाई एवढं सांग. बाकी मी बघतो." नव्या आदणाचा रस पडला. तिनं पेला तोंडाला लावला, जरा थांबली.

"ह्यो ओढ्याकडचा ऊस," ती म्हणाली. "पर खालच्या सऱ्यातला, लय खारट न्हाई. काल घातला त्याच्या निम्मा चुना घाला."

ऊस कुठल्या सरीतला हे मलाही सांगता आलं नसतं. मी मुकाट्यानं निम्मा चुना घातला. ढेप अशी निघाली, की मी ती उन्हात धरून तीन वेळा फिरवून बघितली. पिवळीधमक.

"तुला कसं कळलं गं?"

"वीस वर्सं तुमचा गूळ चहात घालतीया. ऊस कुठल्या सरीतला, कुठल्या आदणाला चुना जास्त झाला, कुठलं जरा करपलं, सगळं मला चहात कळायचं."

"मग बोलली का न्हाईस कवा?"

"तुमी इचारलं कवा?"

ती हे भांडायला म्हणाली नव्हती. पदरानं कपाळ पुसत सहज म्हणाली, आणि पुढच्या आदणाचं बघायला उठून गेली. वीस वर्षं या बाईनं मला रोज चहा दिला आणि मी रोज तो पिऊन गुऱ्हाळावर निघून गेलो.

त्या दिवसापासून काहिलीपाशी आम्ही दोघं उभे राहू लागलो. गोळी माझी, रंग माझा, चव तिची. तिनं आणखी एक रीत मोडली. माझ्यासाठी नवे कॅनव्हासचे बूट आणले, हळदकुंकू लावून काहिलीपाशी ठेवले आणि म्हणाली, "ह्ये हितंच ऱ्हातील, भाईर कुठं जाणार न्हाईत. मग तर चालतंय?" वडील असते तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. मी बूट घातले. संक्रांतीला गावभर तिळगूळ घेत फिरलो आणि घरी येऊन तो सगळा तिच्या पदरात ओतला. आता मशीनवरचा आकडा लेकीला कळवायला मीच आधी फोन करायचो.

तीन महिन्यांनी सांगलीला गेलो. साखर उतरली होती. डॉक्टर पहिल्यांदा हसले. पुन्हा तीच काडी घेतली. या वेळी मी दोनदा "लागलं" म्हणालो. उजव्या पायाला एकदा, डाव्याला एकदा. "हळूहळू," ते म्हणाले. "किती परत येईल ते सांगता येत नाही. पण गुऱ्हाळ चालू द्या." मी दवाखान्यातून उतरताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो आणि बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

हंगामाचं शेवटचं आदण फेब्रुवारीत निघालं. शेवटच्या दिवशी काहिलीची पूजा असते. पूजेला बूट घालून उभं राहणं काही मला जमेना, म्हणून ते काढले. लेकीनं साताऱ्याहून फोन करून खास परवानगी दिली होती, की आजच्या दिवशी आबांना हरभऱ्याएवढा गुळाचा खडा द्या. बायकोनं तो बोटांत धरला होता. मी नारळ फोडला, वळलो आणि चुलाणाच्या तोंडाशी डावा पाय टेकला.

"आई गंऽऽ!"

असा चटका बसला की मी एका पायावर नाचलो. बायका धावत आल्या. बायको पाण्याची घागर घेऊनच आली. "काय झालं वो? पडला का? कुठं लागलं?"

"भाजलं!" मी ओरडलो. "अगं, भाजलं! लय भाजलं!"

ती घागर हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिला कळलं. तिनं माझ्या पायावर पाणी ओतलं आणि तिथंच खाली बसून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मीही हसत होतो. फोड आला नाही, नुसतं लाल झालं होतं, आणि छान झणझणत होतं.

"तोंड उघडा," ती म्हणाली. खडा अजून तिच्या बोटांत होता.

मी तिचा हात धरून तिच्याच तोंडाकडं वळवला. तिनं माझ्याकडं बघितलं, खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"कसा झालाय?" मी विचारलं, आणि ती काय सांगते ते ऐकत तिथंच अनवाणी उभा राहिलो.