नंबर नसलेली कॅसेट

आमच्या संग्रहालयात कॅसेटच्या कपाटाला आतून एक कागद चिकटवलेला होता. अक्षर माझं. कॅसेट कशा हाताळायच्या याचे नऊ नियम त्यावर होते, आणि नऊच्या नऊ मीच केलेले, कोणी मागितले नसताना. मी फार नियमाचा माणूस. लोक पाठीमागे खडूस म्हणायचे, काही तोंडावरही म्हणायचे. म्हणोत बापडे. पण त्यातल्या दोन नियमांनी माझं जे केलं, ते सांगायला आज बसलोय.

वर्ध्याचं आमचं संग्रहालय म्हणजे तीन खोल्या. दोन खोल्यांत शेतीची जुनी अवजारं, तिसरीत मी आणि गाणी. सत्तरच्या दशकात सायकलच्या कॅरियरला टेपरेकॉर्डर बांधून मी सेलू, केळझरकडच्या गावांत फिरायचो आणि बायांची जात्यावरची, लग्नातली, निंदणाची गाणी भरून आणायचो. केळझरजवळच्या एका म्हातारीने गाणं म्हणून झाल्यावर माझं मनगट धरलं. म्हणाली, "मले इचारल्याबिगर हे गानं कोनाले देऊ नको, बाप्पा." मी शब्द दिला. पुढे कॅसेटी विकणारा एक दुकानदार आला, 'साहेब, उतरवून द्या, खूप खपतील' म्हणाला. त्याला मी दारातूनच परत धाडला. गाणं तिचं आहे, आधी तिला विचारून ये, म्हटलं. त्या दिवशी मला माझा जरा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

राहायचो वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघेत, एका खोलीत, एकटा. लग्न झालं नाही. का झालं नाही हे सांगण्यासारखं काही नाही, राहून गेलं. सकाळी एकदाच भात टाकायचा, तोच रात्री फोडणी देऊन खायचा. मला आठवतं, एका दिवाळीत चार दिवस संग्रहालय बंद होतं आणि चौथ्या दिवशी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना.

अशात गुरुजी भेटले. सेलूच्या शाळेत गणित शिकवायचे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. ऐंशीचं दशक अर्धं सरत आलं तेव्हा आमच्या संस्थेला एक कॉम्प्युटर मिळाला. हल्लीसारखा नाही. एक कीबोर्ड, त्याला जोडलेला जुना टीव्ही, आणि प्रोग्रॅम साठवायला साधी गाण्याची कॅसेट. देणारी कंपनी नागपूरची. गाणी शोधण्याचा प्रोग्रॅम लिहून देणारं कोणी तिच्याकडे नव्हतं, म्हणून तिने हे काम सेलूच्या या गुरुजींना दिलं. ते दर रविवारी एसटीने यायचे. डब्यात पाटवड्या असायच्या, दोघांपुरत्या.

प्रोग्रॅम सुरू करायचा म्हणजे कॅसेट लावायची. ती चार-पाच मिनिटं नुसती किंचाळायची. अक्षरशः किंचाळायची, कानात बोटं घालावीत अशी. मग टीव्हीवर इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या बोलीत, ओळ उमटायची: 'ये भाऊ, बस. कोनतं गानं पायजे तुले?' गाणं सापडलं तर कपाटाचा, कॅसेटचा नंबर यायचा. नाही तर, 'नाई सापडलं. रागावू नको.' आणि बंद करताना, 'चाल्ला काय? उद्या येजो.'

मी उखडलो. "गुरुजी, ही संस्था आहे. पाहुण्यांना अरे-तुरे करायचं का?"

"पाहुने?" ते हसले. "कोन येते इथं तुह्याशिवाय?"

खरंच होतं ते. मी निमूटपणे पाटवडी खाल्ली.

कॅसेट एकच होती. रोज लावून लावून फीत झिजणार हे मला दिसत होतं. पण कंपनीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: प्रोग्रॅमचे सर्व हक्क कंपनीकडे, लेखी परवानगीशिवाय प्रत करू नये. गुरुजींनी घरून दुसरा टेपरेकॉर्डर आणला. "अबे, पाच मिन्टाचं काम. घे उतरून."

"नाही जमायचं."

"काऊन? मीच लिवलं ना?"

"कागदावर तुमचं नाव नाही, गुरुजी."

त्यांनी वायर गुंडाळली, टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि नेहमीपेक्षा एक गाडी आधी निघून गेले. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. म्हातारीच्या गाण्याला जो नियम, तोच यालाही, असं मी स्वतःला बजावलं. शिवाय आणखी एक शहाणपणा केला. हक्काचं नक्की होईपर्यंत ही वस्तू संस्थेची कशी म्हणायची? म्हणून त्या कॅसेटला मी नोंदवहीत नंबर दिला नाही. चिठ्ठीही लावली नाही. कपाटाच्या खालच्या फळीवर ती तशीच कोरी राहायची.

पुढचे दोन रविवार गुरुजी आले, पूर्वीसारखेच हसले-बोलले. तिसऱ्या रविवारी आले नाहीत. सोमवारी सेलूहून निरोप आला की शनिवारी वर्गात फळ्यावर गणित मांडता मांडता खाली बसले ते उठलेच नाहीत. मी सेलूला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात त्यांच्या शाळेची माणसं बसली होती. मी कोण, हे त्यांतल्या कोणाला माहीत नव्हतं, आणि मलाही ते सांगता आलं नाही.

परत आल्यावर ध्यानात आलं ते हे की अर्ध्या जिल्ह्याचे आवाज मी भरून ठेवले होते, आणि या माणसाचा आवाज एकदाही भरला नव्हता. टेपरेकॉर्डर टेबलावर, माणूस समोर, तरी सुचलं नाही! उरली होती ती कॅसेट. रोज सकाळी कुलूप काढलं की मी आधी ती लावायचो. किंचाळणं संपलं की 'ये भाऊ, बस.' मी बसायचो. कोणतंही गाणं नको असायचं. मुद्दाम नसलेल्या गाण्याचं नाव टाकायचो, म्हणजे तो म्हणायचा, 'रागावू नको.' बाकी दिवसभर मला कोणी एकेरीत हाक मारत नव्हतं.

मग कॅसेट अडखळायला लागली. तीनदा लावावी तेव्हा एकदा चालायची. तरी प्रत केली नाही. पत्रं लिहीत सुटलो. कंपनीला लिहिलं, पाकीट परत आलं. कंपनीच बंद झाली होती. मालक इंदूरला गेल्याचं कळलं, तिकडे लिहिलं. सरकारी खात्याला लिहिलं. बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःपुरत्या करता येतात, हे कायद्यात होतं. प्रोग्रॅमलाही आता कायदा लेखनच मानू लागला होता. मग जी सवलत पुस्तकाला, ती प्रोग्रॅमला का नको? कंपनी बुडाली, लिहिणारा गेला, आणि कॅसेट विरून चालली, तर सांभाळणाऱ्याने परवानगी कोणाला मागायची? हेच सांगायला मी नागपूरला ग्रंथपालांच्या सभेला गेलो. दोन दिवसांची सभा. दहा मिनिटं मिळाली, त्यात मी घसा कोरडा होईस्तोवर बोललो. अध्यक्ष गोड हसून म्हणाले, "मुद्दा छान आहे. पण आधी वाळवीचं बघू या." सगळे हसले. पुढे ठरावात माझं एक वाक्य घेतलं, शेवटून दुसरं.

त्याच दोन दिवसांत संस्थेची वार्षिक सभा होती. सेक्रेटरींचं भाषण भरायला कॅसेट हवी होती. आमच्याकडच्या मावशी झाडलोट करायच्या, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची, आणि माझे नियम त्यांना तोंडपाठ होते. मीच पाठ करून घेतले होते. नियम चौथा: ज्या कॅसेटवर नंबर नाही आणि जी लावल्यावर नुसता कर्कश आवाज येतो, ती खराब समजावी, पुसून पुन्हा वापरावी. मावशींनी खालच्या फळीवरची कॅसेट लावून पाहिली. कर्कश आवाज आला. नंबर नव्हता.

मी परतलो तेव्हा त्यांनी कौतुकाने सांगितलं, "साहेब, नवी कॅसेट नाई फोडली. खराब होती तेच वापरली."

त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि उघड्या कपाटातला माझा कागद दिसला. मी शेजारच्या खोलीत गेलो, तिफणीच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि रडलो. पोटातून रडलो. पाच मिनिटांचं काम होतं ते.

संस्थेचं मात्र काही बिघडलं नाही. गाणी होती, नोंदवह्या होत्या. कॉम्प्युटरवर मी कापड टाकलं.

आठ-दहा दिवसांनी इंदूरहून पत्र आलं. मालकांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या: आपल्या संस्थेच्या वापरासाठी तीन प्रती करण्यास हरकत नाही. वर तारीख, खाली सही. सगळं नियमाप्रमाणे. पत्र हातात घेऊन मी हसलो की काय केलं, आठवत नाही.

मग ती कॅसेट लावली. सेक्रेटरींचं भाषण तरी ऐकू, म्हटलं. बटण दाबलं आणि दचकलो. आधी तेच किंचाळणं आलं. ओळखीचं, अगदी सुरुवातीचं. जेमतेम चार सेकंद. मग खटका, आणि 'सन्माननीय अध्यक्ष महाशय'. नियम सातवा: फीत थोडी पुढे सरकू द्यावी, मग रेकॉर्डिंग सुरू करावं. मावशींनी तोही पाळला होता.

कॉम्प्युटरला जोडून पाहिलं. चार सेकंदांत काय उमटणार? पडदा काळाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा टेपरेकॉर्डर मागवला आणि त्या चार सेकंदांच्या तीन प्रती केल्या. तीन. पत्रात लिहिल्या तेवढ्याच. मूळ धरून चारही कॅसेटना नंबर दिले, चिठ्ठ्या लावल्या, नोंदवहीत चढवल्या. वहीत गावाचा रकाना असतो, तिथे लिहिलं, सेलू. गाणाऱ्याचा रकाना असतो, तिथे लिहिलं, गुरुजी. गाण्याची पहिली ओळ लिहायची असते. तिथे लिहिलं: ये भाऊ, बस.

कपाट पुसता पुसता मावशींनी त्यातली एक लावून पाहिली आणि कानावर हात ठेवला. "साहेब, हे तं खराब हाय. पुसू काय?"

"नको मावशी," मी म्हणालो. "तिला नंबर आहे."