सभ्यतेचा तुकडा

गुनवोर खोटं बोलत नाही, हे मी शाळेपासून जाणते. म्हणूनच त्या रविवारी चर्चच्या स्वयंपाकघराच्या दारात माझे पाय खिळले.

आधी तिच्या गुडघ्याचं सांगते. जन्मभर मासळीच्या कारखान्यात गार फरशीवर उभं राहून तो कामातून गेला. सर्जन म्हणाला, आधी वजन उतरवा, मगच हात लावतो. तिचं घर चढावर आणि तिच्या गेलेल्या नवऱ्याची, तुरलाइफची होडी खाली फ्योर्डच्या, डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या, काठाला. मधला जिना ती दोन उन्हाळे उतरली नव्हती. मुलगा म्हणे, होडी विकू या. ती नुसती खिडकीतून खाली होडीकडे बघत बसायची.

तिनं मनावर घेतलं. कॉफीतली साखर गेली, ताटातले बटाटे निम्म्यावर आले, हातात काठ्या घेऊन रोज माझ्याबरोबर चर्चपर्यंत चालणं सुरू झालं. नाताळपर्यंत वजन छान उतरलं आणि मग काटा जो अडला, तो अडलाच.

"चोरून खातेस तू," मी एकदा म्हणाले. मला आडपडदा जमत नाही.

"मारित, माझ्या घरात बिस्किटाचा डबासुद्धा नाही. ये नि बघ."

मी गेले आणि कपाटं उघडून बघितली. खरंच नव्हता.

आता तो रविवार. प्रार्थनेनंतर आमच्याकडे कॉफी असते आणि टेबलभर केक. पण ताटातला शेवटचा तुकडा कुणी उचलायचा नाही. तो सभ्यतेचा तुकडा. अगदीच राहवलं नाही तर त्यातला अर्धा कापून घ्यावा, पुढच्यानं उरलेल्यातला अर्धा. त्यामुळे ताटागणिक काहीतरी उरतंच. गुनवोर टेबलाशी नुसती काळी कॉफी प्यायची, सगळे तिचं कौतुक करायचे. मग नेहमीप्रमाणे ताटं धुवायला ती आत जायची.

माझी कॉफी सांडली म्हणून मी फडकं आणायला आत गेले. गुनवोर मोरीशी उभी. ताट उचललं, क्रीमकेकचा तुकडा तोंडात, ताट पाण्यात. पुढचं ताट, बदामाचा केक तोंडात, ताट पाण्यात. आणि तोंडानं मला चर्चमधल्या आमच्या गाण्याच्या तालमीबद्दल सांगणं चालूच.

"गुनवोर, काय खातेस?"

"मी? मी कुठे काय खातेय?"

मी तिच्या ओठाकडे बोट दाखवलं. तिनं ओठ पुसला आणि क्रीम लागलेल्या बोटाकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अन्न टाकवत नाही गं," ती कशीबशी म्हणाली. मग स्टुलावर बसली. "तालमीनंतरही ताटं मीच धुते. कुणाच्या मयतानंतर इथे कॉफी असते, तेव्हाही."

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते असं. मी हादरले ते तिच्यामुळे नव्हे. आम्ही सगळे सभ्य लोक दर आठवड्याला तिच्या तोंडात घास भरवत होतो आणि वर तिचं कौतुक करत होतो, याचा मला भयंकर संताप आला.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर शेवटचा तुकडा उचलला. अख्खा. चमच्यांचा आवाज थांबला. पाद्र्यांच्या बायकोनं, इंगेबोर्गनं, मान वाकडी करून विचारलं, "मारित, बरं नाही का तुला?"

"बरी आहे. भूक आहे."

मग मी दुसऱ्या ताटाला हात घातला. गावात अजून मला हावरट म्हणतात. म्हणोत. ताटं धुवायला आता पुरुषांची पाळी लागते. गुनवोरनं स्वतःला एकच शिस्त लावली: जे खायचं ते बसून, बशीत घेऊन. उभ्यानं एक कणही नाही.

वसंतात काटा हलला. सर्जननं गुडघ्याला हात लावला.

पुढल्या उन्हाळ्यात ती जिना उतरली, एकेक पायरी, मी मागे जीव मुठीत धरून. तिनं स्वतः वल्ही मारली. फ्योर्डच्या मध्यावर आम्ही केकचा डबा उघडला. खाता खाता एकच तुकडा उरला. आता आमचं "तू घे, तू घे" सुरू होणार म्हणून मी तोंड उघडलं, तोवर तिनं वल्ही आत घेतली, नीट टेकून बसली, तुकडा बशीत काढला आणि सगळा खाल्ला.

मला विचारलंसुद्धा नाही.