चेकरबाईंची वही

मास्तर आणि चेकरबाई यांच्यात विस्तव जात नव्हता. शर्टांच्या त्या कारखान्यात मास्तर कापड कापत. शंभर थरांची थप्पी टेबलावर अंथरायची, वर खडूने आखायचं आणि उभ्या पात्याच्या विजेच्या मशीनने कापत न्यायचं. कापलेला प्रत्येक तुकडा बाईंच्या टेबलावर जायचा आणि त्यात खोट काढणं हेच बाईंचं काम. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बारा कॉलर परत पाठवल्या आणि चूक बाईंचीच निघाली. "चष्मा उलटा घालता का?" असं मास्तरांनी भर खोलीत विचारलं. सगळे पोट धरून हसले. त्या दिवसापासून बाईंनी एक वही सुरू केली. मास्तरांच्या चुका, तारखेसकट. कधीतरी ती साहेबांपुढे आपटायची आणि या माणसाला दाराबाहेर काढायचं, एवढ्यासाठी त्या डोळ्यांत तेल घालून बसत.

मास्तर वहीला भीक घालत नसत. वीस वर्षांचा बसलेला हात होता.

मग नवे साहेब आले. त्यांनी दुसऱ्या कापणाऱ्याला घरी पाठवलं आणि मास्तरांच्या दिवसाला चार थप्प्या होत्या त्या सात केल्या. "मशीन तेच आहे, माणूसही तोच आहे," म्हणाले. मास्तर "करतो" म्हणाले. ही त्यांची सगळ्यात मोठी चूक, आणि ती वहीत नाही.

दुसऱ्या महिन्यात डबा अर्धा परत जायला लागला. उजवी पापणी आपली आपण फडफडायची. लेकीने कपात चमचा ढवळला तरी हे खेकसायचे.

"अहो, झोपेत दात खाता तुम्ही," बायको म्हणाली. "साहेबांशी बोला ना एकदा."

"तू झोप काढ की. माझे दात कशाला मोजतेस?"

मास्तरांनी चष्म्याचा नंबर बदलला, उशी बदलली, पंख्याला शिव्या घातल्या. स्वतःकडे सोडून सगळीकडे पाहिलं. अशा माणसाला धरून गदागदा हलवावं, पण हलवणार कोण? घरचे घाबरत होते आणि कारखान्यात सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर पाचवी थप्पी लागली. पातं कापडात वीतभर शिरलं आणि मशीन एकाएकी बंद पडलं. मास्तरांनी वर पाहिलं. भिंतीशी बाई उभ्या, हातात उपटलेला प्लग.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"ओरडू नका. डावा हात बघा."

हात उघडा होता. तारेच्या जाळीचा हातमोजा खिळ्यालाच होता आणि बोटं पात्यापासून दोन इंचांवर. आधी हातमोजा, मग बटण, हा क्रम वीस वर्षांत मोडला नव्हता. मास्तर स्टुलावर बसले.

"काल पण विसरला होतात," बाई म्हणाल्या. "बटण दाबल्यावर आठवलं. वहीत आहे."

"मग आजही लिहायचं होतं. तेच हवंय ना तुम्हाला?"

"तुमची नोकरी जायला हवीय मला. बोटं नकोत."

त्यांनी वही टेबलावर आपटली. मास्तर वाचू लागले. एकच रेघ तीनदा आखली. बाहीची खाच विसरला. शिलाईवालीवर विनाकारण ओरडला. नळाखाली डोकं धरून उभा, दहा मिनिटं. बायको हेच सांगत होती, पण ती मायेने सांगायची, म्हणून उडवून लावता यायचं. बाईंच्या टोकदार अक्षरात माया नावालाही नव्हती. मास्तरांनी मागची पानं चाळली. पहिल्या पावणेदोन वर्षांत फक्त दोन नोंदी.

"एवढ्या दिवसांत दोनच?"

"शोधल्या हो मी," बाई चिडून म्हणाल्या. "सापडल्याच नाहीत."

मास्तर वही घेऊन तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. "माझी वही आहे ती!" करत बाई मागोमाग.

साहेबांनी शेवटचं पान वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "या तुमच्याच चुका. एवढ्यावर मी तुम्हाला आजच घरी बसवू शकतो."

"बसवा. आधी तारखा बघा. दुसरा माणूस काढला त्या आठवड्यापासून पानं भरलीत. मी आजपासून चारच थप्प्या कापणार. पाचवी तुम्ही कापा. हातमोजा खिळ्याला आहे."

साहेब बाईंकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा. हा माणूस कामातून गेलाय की नाही?"

दोन वर्षं जे हवं होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं. एक "हो" पुरला असता. बाईंनी मास्तरांच्या फडफडणाऱ्या पापणीकडे पाहिलं. तोंड कडू झालं त्यांचं.

"माणूस उद्धट आहे," त्या म्हणाल्या. "त्याला कापता येतं. पाचवी थप्पी कुणीही एकट्याने कापली तरी मी पास करणार नाही."

साहेब आठवडाभर फुगून बसले, पण मास्तर चारच थप्प्या कापत आणि पाचवी कुणी कापली तरी चेकरच्या सहीशिवाय हलेना. शेवटी काढलेल्या माणसाला परत बोलावणं गेलं. तो आला त्या सकाळी मास्तर बाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. दोनदा घसा खाकरला.

"आभारबिभार असतील तर नकोत," बाई वही उघडत म्हणाल्या. "नऊ वाजून गेले. मशीन बंद. लिहू?"

मास्तरांनी हातमोजा घातलेला डावा हात त्यांच्या नाकासमोर धरला. बाईंनी पाचही बोटं नीट बघून घेतली आणि वही मिटली.